आज्ञा इतक्या तोकड्या का?

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला शिकणारा विद्यार्थी दोन गोष्टींनी गोंधळतो. एक म्हणजे 'एलएस', 'सीपी', 'आरएम' अशी दोन-दोन अक्षरी नावे. दुसरी म्हणजे संगणकाचे मौन. फाइलची प्रत काढली, तरी 'काम झाले' असे तो सांगत नाही. हे असे का, हे पाहायला आपल्याला १९६९ सालात जावे लागेल.

त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' या प्रणालीचे काम सुरू केले. तेव्हा संगणकाशी बोलायचे ते बहुधा टेलिटाइप यंत्रावर. त्याला पडदा नसे. टाइपरायटरसारख्या कळा आणि कागदाची गुंडाळी असे. त्यातले प्रसिद्ध 'मॉडेल ३३' सेकंदाला फार तर १० अक्षरे छापी. आपण हिशेब करून पाहू. पानावर ६० ओळी आणि ओळीत ७० अक्षरे धरली, तर ४,२०० अक्षरे होतात. म्हणजे एका पानाला ४२० सेकंद, चक्क सात मिनिटे! शिवाय कळा दाबायला जड. मग 'लिस्ट'चे 'एलएस' आणि 'कॉपी'चे 'सीपी' झाले यात नवल नाही. काम सुरळीत झाले तर काही छापायचे नाही, चुकले तरच सांगायचे, ही रीतही तेथे सोयीची होती.

पण कागद गेला, पडदे आले, तरी मौन टिकले. त्याचे कारण वेगळे आहे. बागेतील नळीचे तुकडे जोडतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, असे डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये सुचवले होते. १९७३ मध्ये युनिक्समध्ये ही सोय आली. 'एलएस', मग उभी रेघ आणि पुढे 'डब्ल्यूसी -एल' लिहिले, की पहिला प्रोग्रॅम फाइलींची नावे देतो आणि दुसरा त्या ओळी मोजतो. पहिल्याने 'ही घ्या यादी' अशी ओळ जोडली असती, तर तीही मोजली जाऊन उत्तर एकाने चुकले असते!

या मितभाषीपणात धोकाही आहे. 'आरएम' सहसा न विचारताच फाइल पुसते आणि ती कचरापेटीतही जात नाही. म्हणून सरावासाठी वेगळी फोल्डर करावी आणि सुरुवातीला 'आरएम -आय' वापरायला शिकवावे. मग संगणक प्रत्येक फाइल पुसण्यापूर्वी विचारतो. आज्ञांची यादी पाठ करून घेण्याआधी वर्गात टेलिटाइपचा हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा.