पान्हा फुटेपर्यंत

म्हैस कुणाच्या घाईला भीक घालत नाही. रेडकू ढुसण्या देतं, गवळी कासेवर पाणी मारतो, हात फिरवतो. पण ती पान्हा सोडेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळलेला पेला तसाच तोंडाला लावायचा, ही जुनी रीत. आबा मला तिथं न्यायचे. मला दुधापेक्षा त्याआधीचा वेळ प्यारा होता, कारण आबांच्या गोष्टी त्या वेळातच निघायच्या.

त्यातल्या पुष्कळ त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या. 1902 साली शाहू महाराज विलायतेला गेले, रोममधलं गोल मैदान त्यांच्या डोळ्यांत भरलं आणि 1912 साली खासबागचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं, ही गोष्ट तालमीतली पोरं आली की ठरलेली. पण आबांचा आवाज बदलायचा तो गंगाराम कांबळेंच्या गोष्टीला.

सरकारी पागेतला हा माणूस. हौदाच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी त्याला स्वतःच्या पायावर उभं राहायला बळ दिलं आणि भाऊसिंगजी रस्त्यावर त्याचं ‘सत्यसुधारक’ हॉटेल सुरू झालं. दलिताच्या हातचा चहा पिणार कोण? महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, तिथं थांबायचा. महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे.

“आता कपात किती ऱ्हायलाय, ह्येच बगत बसली असतील सगळी,” आबा म्हणायचे. “पर उठतोय कोण? म्हाराज बसल्यात न्हवं!”

1919 साली सार्वजनिक ठिकाणची शिवाशिव बंद करणारे हुकूमही महाराजांनी काढले. त्यांचं मोल मी कमी करत नाही. कायद्याचा धाक हवाच. पण गरम चहा घोटाघोटानं संपेपर्यंत गंगारामसमोर बसून राहणं हे हुकमाच्या कागदाला जमणारं नव्हतं. त्यासाठी राजालाच वेळ काढावा लागला.

आता पुन्हा दुधाकडे येतो. 1963 साली जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे आपलं ‘गोकुळ’, स्थापन झालं. माझ्या आत्याच्या हातात स्वतःचा पैसा आला तो दुधाच्या बिलानं, तेव्हा पिशवीतल्या दुधाला मी नावं ठेवणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हल्ली पिशवी दाराला अडकवलेली असते, आणणारा पोरगा कोण हे मला माहीत नाही, जेवणही फोनवर बोट टेकवून येतं. वाचलेला वेळ मी कुणाजवळ बसायला वापरत नाही, आणि हे मला लागतं.

कट्ट्यावर अजून म्हशी येतात. परवा भाच्याला घेऊन गेलो. म्हैस अडून बसली होती. पोरगा कंटाळला, मोबाइल मागू लागला. मी म्हटलं, “आरं, इथनं जवळच एक चहाचं हॉटेल हुतं...”

“मग?” तो म्हणाला.