पेवांतील कोळसा आणि दारचें ऊन

ज्या काळीं मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत, त्याच काळीं तेथील हायकोर्टांतील डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स यांनीं उन्हावर यंत्र चालवून दाखविलें. फ्रान्समध्यें मूशो यांनीं केलेल्या प्रयोगांचा धागा धरून त्यांनीं कुलाब्यास सपाट आरशांची अर्धगोलाकार मांडणी केली, किरण एका बाष्पपात्रावर एकवटले, आणि अडीच अश्वशक्तीच्या वाफेच्या यंत्रानें पंप चालविला. १८७८ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उष्ण देशांत इंधनाच्या जागीं ऊन कां वापरूं नये, हा त्यांचा प्रश्न होता.

कोळसा तरी काय आहे? कोट्यवधि वर्षांपूर्वीं वनस्पतींनीं सांठविलेलें ऊनच तें. पण तें पेवांतील धान्य. जितकें काढावें तितकें उणें होतें, आणि पेव पुन्हां भरेपर्यंत थांबण्यास मानवजातीस सवड नाहीं. ऊन मात्र दारीं रोज नव्यानें येतें. आज कितीहि वापरलें तरी उद्यांच्या उन्हांत तिळमात्र घट होत नाहीं. यंत्रें झिजतील, ढग येतील, रात्र होईल. परंतु मूळ झरा आटत नाहीं. सूर्य अजून सुमारें ५०० कोटि वर्षें तळपणार आहे. म्हणूनच सौरशक्तीची गणना अक्षय ऊर्जेंत होते.

हदगावकडील शेतकऱ्यास हा भेद केवळ शास्त्राचा नव्हे. मराठवाड्यांतच परळीचें कोळशावरील वीजकेंद्र २०१५ सालीं पाण्याच्या तुटवड्यामुळें बंद ठेवावें लागलें. त्या कोरड्या वर्षींहि ऊन चुकलें नाहीं. आज शिवारांत सौरपंप वाफेवांचूनच, उन्हाची वीज करून पाणी उपसतात. मात्र ऊन अक्षय असलें तरी विहिरींतील पाणी अक्षय नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें.