ड्रॅक्युलाच्या अंगावरची उसनी वस्त्रे

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी मे १८९७मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. स्टोकर मूळचा डब्लिनचा. लंडनच्या लायसियम थिएटरचा तो व्यवस्थापक होता आणि नटश्रेष्ठ हेन्री आयर्व्हिंगचा उजवा हात. सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे यांतून उलगडते. तीत वकील बोलतो, डॉक्टर बोलतो, मीना आणि लूसी बोलतात. बोलत नाही तो फक्त काउंट ड्रॅक्युला. त्याची बाजू कोरीच राहते, आणि पुढच्या शतकभरात अनेकांनी ती आपापल्या परीने भरली.

आज ड्रॅक्युला म्हटले की उभ्या कॉलरचा काळा झगा, उन्हाच्या पहिल्या तिरिपेला होणारी राख आणि वलाकियाचा क्रूर राजा व्लाद आठवतो. मूळ पुस्तकात हे जवळजवळ काहीच नाही. स्टोकरचा काउंट पांढऱ्या लांब मिश्यांचा म्हातारा आहे आणि रक्त पिऊन तो तरुण होत जातो. दिवसाढवळ्या तो लंडनच्या रस्त्यावर फिरतो. उन्हात त्याची शक्ती कमी होते, इतकेच. शेवटी सूर्य मावळता मावळता तो मरतो, तेही लाकडी खुंटीने नव्हे. वकील जोनाथन हार्करची कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते आणि अमेरिकी क्विन्सी मॉरिसचा सुरा छातीत घुसतो. नेपाळी हत्याराने मेलेला हा ट्रान्सिल्व्हेनियाचा सरदार पुढच्या फारच थोड्या रूपांतरांत दिसतो.

पहिले मोठे रूपांतर घडले ते भाषांतराच्या नावाखाली. आइसलंडच्या ‘फ्याल्कोनन’ या पत्रात १९००पासून वाल्दिमार आस्मुंडसन यांनी ‘अंधाराच्या शक्ती’ अशा अर्थाच्या नावाने ही कथा क्रमशः छापली. १९०१मध्ये तिचे पुस्तक झाले आणि त्याला स्टोकरच्या नावाची प्रस्तावनाही होती. त्यामुळे ते मूळ कादंबरीचेच संक्षिप्त भाषांतर, असे अभ्यासक अनेक दशके धरून चालले. २०१४च्या सुमारास हान्स द रोस यांनी ते बारकाईने वाचले, तेव्हा कथानकच निराळे निघाले. ड्रॅक्युलाच्या गढीतला भाग फुगलेला, नवी पात्रे आलेली आणि लंडनचा भाग घाईने गुंडाळलेला. २०१७मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला. मग लक्षात आले की ही कथा १८९९मध्ये स्वीडिश वर्तमानपत्रात आलेल्या त्याहून मोठ्या आवृत्तीवर बेतलेली होती.

जर्मनीत १९२२मध्ये एफ. डब्ल्यू. मुर्नाऊने ‘नोस्फेरातु’ हा मूकपट काढला. ड्रॅक्युलाचा ऑर्लोक झाला आणि लंडनच्या जागी विस्बोर्ग हे कल्पित जर्मन शहर आले. पण स्टोकरच्या वारसांची परवानगी कोणी घेतली नाही. सूर्यप्रकाशाने पिशाच्च विरून जाण्याची कल्पना रूढ केली ती याच चित्रपटाने. स्टोकर १९१२मध्ये वारला होता आणि विधवा फ्लॉरेन्सची मिळकत बेताची होती. तिने दावा लावला. निर्मिती कंपनी दिवाळखोर निघाल्याने पैसे मिळाले नाहीत. १९२५मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम मात्र मिळाला. काही प्रती बचावल्या, म्हणून तो चित्रपट आज पाहता येतो. चोरी असूनही मूळ कथेला इतके समृद्ध करणारे उदाहरण सापडणे कठीण.

फ्लॉरेन्सच्या हाती नाट्यहक्क होते. स्टोकरने त्यांची तजवीज पुस्तक निघण्यापूर्वीच केली होती: तेव्हाच्या इंग्लिश कायद्यानुसार मे १८९७मध्ये लायसियमवर कादंबरीचे जाहीर नाट्यवाचन करून घेतले होते. हॅमिल्टन डीन या नटाने तिच्या परवानगीने नाटक लिहिले आणि १९२४मध्ये इंग्लंडमधल्या डर्बी शहरात ते रंगमंचावर आले. उभ्या कॉलरचा झगा हा याच नाटकाचा. त्यात सौंदर्यदृष्टीपेक्षा सोय अधिक होती. प्रेक्षकांकडे पाठ केली की कॉलरमागे नटाचे डोके झाकले जाई. मग तो झग्यातून निसटून चोरदारातून खाली उतरे आणि इतरांच्या हातात रिकामा झगा राही. काउंट बैठकीच्या खोलीत पाहुणा म्हणून वावरणार, तेव्हा त्याला सभ्य पोशाखही हवाच होता. १९२७मध्ये न्यूयॉर्कच्या प्रयोगात बेला लुगोसी हा हंगेरियन नट उभा राहिला आणि १९३१च्या हॉलिवूडपटातही तोच आला. दिवसा त्याचे चित्रीकरण संपले की रात्री त्याच नेपथ्यावर दुसरा संच स्पॅनिश आवृत्ती चित्रित करी.

तुर्कस्तानात १९२८मध्ये अली रिझा सेफी यांनी स्टोकरचे नाव न घेता ही कथा इस्तंबुलात आणली. पिशाच्चाला रोखायला क्रूसाऐवजी कुराण आले, आणि काउंट म्हणजे थेट व्लादच ठरला. तुर्कांच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते. व्लाद त्यांचा जुना वैरी. स्टोकरने मात्र ड्रॅक्युला हे नाव व्हिटबीच्या ग्रंथालयात १८९०मध्ये चाळलेल्या एका पुस्तकातून उचलले होते, आणि व्लादचे चरित्र त्याच्या टिपणांत आढळत नाही. पश्चिमेत ही जोडी घट्ट झाली ती १९७२मध्ये मॅकनॅली आणि फ्लोरेस्कू या इतिहासकारांच्या पुस्तकानंतर. लाहोरच्या ‘जिंदा लाश’ या चित्रपटाने १९६७मध्ये शाप बाजूला ठेवला: त्यातला प्राध्यापक अमरत्वाचे औषध शोधताना स्वतःच पिशाच्च होतो. मुंबईच्या रामसे बंधूंचा १९९०चा ‘बंद दरवाजा’ हा चित्रपटही याच कुळातला.

काउंटला वाचा फुटली ती फ्रेड सेबरहेगन यांच्या १९७५च्या ‘द ड्रॅक्युला टेप’मध्ये. तो स्वतःची बाजू मांडतो आणि लूसीच्या मृत्यूचा दोष डॉक्टरांवर टाकतो. युक्तिवाद बिनतोड आहे: मूळ कादंबरीत लूसीला एकामागून एक चार पुरुषांचे रक्त चढवले जाते, आणि रक्तगटांचा शोध कादंबरीनंतर काही वर्षांनी लागला. त्याच वर्षी स्टीफन किंगने ‘सेलम्स लॉट’मध्ये पिशाच्चाला अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लहान गावात नेले. किम न्यूमनच्या १९९२च्या ‘अ‍ॅनो ड्रॅक्युला’त काउंट हरतच नाही, राणी व्हिक्टोरियाशी लग्न करून राज्य करतो. कल्पकतेत या साऱ्यांत हीच कादंबरी सरस वाटते.

या लेखकांना कोणाची परवानगी लागली नाही. अमेरिकेत कायद्याची पूर्तता न झाल्याने कादंबरीचे हक्क टिकलेच नव्हते, आणि ब्रिटनमध्ये स्टोकरच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, १९६२मध्ये, ते संपले. त्याच्या भावाचा वंशज डेकर स्टोकर याने इयन होल्टसोबत २००९मध्ये ‘ड्रॅक्युला द अन-डेड’ हा उत्तरार्ध लिहिला, तेव्हा मुखपृष्ठावर स्टोकर हे आडनाव होते. हक्क मात्र इतर कोणाही लेखकापेक्षा अधिक नव्हता.