शिंगटी, शिंगाळा आणि कर्नल साइक्स

परवा धाकट्या नातवाचा फोन आला. आफ्रिकेतल्या कुठल्याशा नाकतोड्याला शास्त्रज्ञांनी नवीन जाती म्हणून नाव दिले, असे त्याने कुठेतरी वाचले होते. "आजोबा, नवीन म्हणजे तो कालपरवाच जन्मला का हो?" प्रश्न बरा होता. मी बी. ए. मराठीचा, मला काय सांगता येणार? पण त्या निमित्ताने कर्नल साइक्सची आठवण झाली, आणि त्याच्यामागून माझ्या एका जुन्या चुकीचीही.

विल्यम हेन्री साइक्स (१७९०-१८७२) हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. खडकीच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने लढला. पेशवाई बुडाली आणि पुढे १८२४ मध्ये त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. माणसे, पिके, जमिनी, पाऊस हे सगळे मोजायचे काम. हा गृहस्थ त्याबरोबर पाखरे, जनावरे आणि मासेही टिपत बसला. १८३१ पर्यंत तो या कामात होता.

नवीन जाती जाहीर करायची एक रीत असते. प्राण्याचे अंगप्रत्यंग मोजून वर्णन लिहायचे, आधी कोणी केलेल्या वर्णनाशी ते जुळत नाही हे दाखवायचे, दोन शब्दांचे नाव द्यायचे आणि छापायचे. आधी छापले त्याचे नाव टिकते. साइक्सने १८३१ मध्ये आपल्या कोळसुंद्याला 'कॅनिस दुखुनेन्सिस' म्हणजे दख्खनचा कुत्रा असे नाव दिले. पण पॅलास नावाच्या पंडिताने १८११ मध्येच त्याचे नामकरण करून ठेवलेले! साइक्सचे नाव बाद. घारीला मात्र त्याने दिलेले 'गोविंदा' हे नाव आपल्याकडच्या उपजातीला आजही चालते, आणि एका चंडोलाला दिलेले 'देवा' हेही.

पण खरी गंमत माशांची. भीमेच्या खोऱ्यातल्या माशांवर त्याने जो निबंध लिहिला, त्यातल्या नव्या नावांचे साल १८३९ धरतात. नावे देताना तो लॅटिनच्या मागे फारसा लागलाच नाही. मासेमार जे म्हणत तेच त्याने इंग्रजी लिपीत उतरवले. शिंगाळ्याचे झाले 'सीनघाला', शिंगटीचे 'सीनग्टी'. 'पोटेल', 'कोलस', 'खुद्री', 'टाकरी', 'इचकिया' हे सगळे शब्द जगभरच्या ग्रंथांत गेले. एका विचित्र नाकाच्या माशाला त्याने 'नुक्ता' म्हटले. तो आपला नकटाच असावा, असा माझा तर्क आहे. गंगेच्या माशांवर लिहिताना हॅमिल्टनने १८२२ मध्ये रोहिता, कटला ही देशी नावे अशीच उचलली होती.

आता माझी चूक. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी भीमाकाठच्या एका गावी शिकवत होतो. 'आमची नदी' असा निबंध दिला होता. भोईवाड्यातल्या एका मुलाने अर्धे पान नुसत्या माशांच्या नावांनी भरले. शिंगटी, शिंगाळा, कोळशी, आणखी कितीतरी. कुठला मासा कुठल्या डोहात, कुठला पुराच्या पाण्याबरोबर वर चढतो, तेही लिहिले होते. मी त्या नावांखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'ग्रामीण शब्द टाळावेत.' दहापैकी चार गुण. मुलगा काही बोलला नाही. वही घेऊन जागेवर जाऊन बसला.

निवृत्तीनंतर एका पुस्तकात माशांची यादी चाळताना 'सीनग्टी' दिसले, पुढे कंसात साइक्सचे नाव आणि १८३९. (जातीचे कूळ पुढे बदलले, की मूळ नाव देणाऱ्याला असे कंसात घालतात.) ती लाल रेघ डोळ्यांसमोर आली. तोच शब्द, मी ज्याचे गुण कापले. आणि त्या कंसात साइक्स आहे. त्याला तो शब्द ज्यांनी सांगितला ते कुणीच नाहीत.

नातवाला मी सांगितले, "नवीन म्हणजे शास्त्राच्या वहीत नवीन. त्या नाकतोड्याला तिथली गुराखी पोरे कधीपासून ओळखत असतील." त्याला ते पटले. "मग त्यांचं नाव का नाही देत?" म्हणाला. असो.

भीमेवर १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले. सोलापूरला नळाला काही दिवसांआड येते ते पाणी तिथलेच. त्या जलाशयात आता चिलापीचे राज्य आहे. तोही आफ्रिकेचाच मासा, १९५२ मध्ये आपल्या देशात आणलेला. शिंगाळा बाजारात दिसतो. पोटेल आणि कोळशी मात्र संकटातल्या माशांच्या यादीत गेले आहेत.

तो मुलगा आता साठीच्या पुढे असेल. मागे त्या गावी गेलो होतो, तेव्हा चौकशी केली. कामासाठी पुण्याकडे गेला, एवढेच कळले. कोणाला पत्ता माहीत नव्हता.