भरती नसताना धावणं

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडमध्ये चाळिशी ओलांडलेला माणूस पहाटे रस्त्याने पळताना दिसला की गाव दोनच अर्थ काढतं. एक तर घरात कुणाचं काही बरंवाईट झालंय, नाहीतर डॉक्टरांनी साखर सांगितलीय. मी शाळेत इतिहास शिकवतो. बुलढाणा रस्त्याला पळायला लागलो तेव्हा चहाच्या टपरीवरून हमखास प्रश्न यायचा, "सर, आता कोन्ती भरती निंगाली?"

प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्याकडे पळणं म्हणजे भरतीचं पळणं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. त्या 1600 मीटरला 20 गुण आहेत, म्हणून पहाटे साडेचारला रस्त्यावर पोरं दिसतात. कुणाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, कुणाच्या पायात मोठ्या भावाचे बूट. नोकरी लागली की पळणं सुटतं, नाही लागली तर वय निघून गेल्यावर सुटतं. अशा गावात मी मुंबईची मॅरेथॉन पळायची ठरवली, म्हणजे बेचाळीस किलोमीटर पळायचं, वर फी आपणच भरायची. शिक्षकांच्या खोलीतला एक सहकारी म्हणाला, "म्हणजे पैसे देऊन दमायचं?"

या टोमण्यामुळे मी जुनं वाचायला घेतलं. पोटापाण्यासाठी पळणं आमच्या मुलखात नवं नाहीच. धाड वऱ्हाडच्या काठावरचं गाव, जवळच मराठवाड्याची हद्द लागते. 1948 पर्यंत त्या हद्दीपलीकडे निजामाचं राज्य होतं. तिकडे भोकरदनजवळ असई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे इंग्रजांचा सेनापती वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या फौजा भिडल्या. पोरांना मी तोफा आणि केळणा नदीचा उतार शिकवतो, पण मला त्यातले पळत बातम्या आणणारे हरकारे जास्त महत्त्वाचे वाटतात. मराठ्यांचा तळ भोकरदनला आहे, अशी बातमी वेलस्लीला होती. प्रत्यक्षात फौज असईपर्यंत पसरली होती, त्याच्या मुक्कामापासून काही मैलांवर. भोकरदन म्हणजे गाव की सारा परगणा, एवढ्यावरून लढाई ठरल्यापेक्षा आधीच झाली. पळत आणलेली बातमी बरोबर होती, ऐकणाऱ्याला ती नीट कळली नाही. खापर मात्र हरकाऱ्यांवरच फुटलं.

पुढे इंग्रजी अमलात डाकेचे धावपटू आले. खांद्यावर थैली, हातात घुंगरांचा भाला, आणि पाच-सात मैलांच्या टप्प्यावर पुढच्या माणसाच्या हवाली. 1867 मध्ये भुसावळकडून रेल्वे नागपूरला पोचली आणि मोठ्या डाकेचं पळणं रुळांवर गेलं. आडवळणाच्या गावांना मात्र माणूसच पळत राहिला. धाडला रेल्वे आजही नाही. मुंबईची गाडी धरायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं.

मॅरेथॉन ही शर्यत म्हणून आली ग्रीसहून. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती जिंकली स्पिरिडॉन लुईस या पाणी वाहून नेणाऱ्या माणसाने. हिंदुस्थानात तिची ऑलिंपिकची वाट सुरू झाली ती पुण्यातून, आणि हा भाग मला शाळेच्या एकाही पुस्तकात सापडलेला नाही. डेक्कन जिमखाना 1906 चा. 1919 मध्ये तिथल्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत खेड्यापाड्यांतले शेतकरी उतरले होते, अनवाणी, पळण्याचं कसलंही शास्त्र न शिकलेले. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास आहेत, हे टाटांच्या लक्षात आलं. अशी माणसं ऑलिंपिकला का जाऊ नयेत, असं त्यांनी मनावर घेतलं, पदरचे पैसे घातले आणि 1920 मध्ये अँटवर्पला चमू गेला.

त्या चमूत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. 22 ऑगस्ट 1920 च्या मॅरेथॉनचं अंतर होतं 42.75 किलोमीटर. ऑलिंपिकमध्ये एवढी लांब मॅरेथॉन त्याआधी झाली नव्हती, नंतरही नाही. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन पहिला आला, 2 तास 32 मिनिटांत. चौगुले 2 तास 50 मिनिटांत आले, एकोणिसावे. त्याच शर्यतीत सदाशिव दातारही धावले. एकोणिसावा क्रमांक म्हणजे पदक नाही, म्हणून आपण तो विसरलो. 2 तास 50 मिनिटं ही वेळ आज नव्या बुटांत, घड्याळात नाडीचे ठोके बघत पळणाऱ्या हौशी माणसाला मिळाली तर तो घरी फ्रेम करून लावेल. चौगुल्यांचं नाव माझ्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं म्हणा.

त्यानंतर बराच काळ मॅरेथॉन हा लष्करातल्या जवानांचा आणि मोजक्या वेड्यांचा प्रांत राहिला. शिवनाथ सिंग यांनी 1978 मध्ये जालंधरला 2 तास 12 मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला, तो चार दशकांहून अधिक टिकला. 1983 मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. पण सामान्य माणसाने, म्हणजे बँकेतल्या कारकुनाने, डॉक्टरणीने, आमच्यासारख्या मास्तरने पळावं, ही कल्पना रुजली 15 फेब्रुवारी 2004 ला. त्या रविवारी आजची मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली. दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रमाला जिंकला. त्याच्यामागे मुंबईकरांचा लोंढा होता, बराचसा छोट्या 'ड्रीम रन'मध्ये, निम्मे चालत, काही नाचत. जाणत्यांनी नाकं मुरडली. मला वाटतं, त्या नाचणाऱ्यांनीच मॅरेथॉन भरतीच्या मैदानातून बाहेर काढली. 2018 पासून या शर्यतीला टाटांचं नाव लागलं. दोराबजींचा धागा असा जवळजवळ शंभर वर्षांनी फिरून आला.

आता माझं. सीएसएमटीसमोर पहाटेच्या अंधारात उभा राहिलो तेव्हा शेजारचे लोक छोट्या पुड्यांतलं गोड जेल खिशात भरत होते. माझ्याकडे गूळ-शेंगदाण्याचे लाडू, प्लास्टिकच्या पिशवीत. मरीन ड्राइव्हला समुद्र दिसत नव्हता, नुसता आवाज. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी माणसाला पाय ठेवू देत नाहीत. त्या सकाळी तो आमचा होता, आणि लोक पळायचं सोडून सेल्फी काढत होते. मीही एक काढला.

पुढे माहीम आलं, दादर आलं, ऊन वर आलं. बुलढाण्याच्या हवेत वाढलेल्या माणसाला जानेवारीतलं मुंबईचं ऊन म्हणजे थट्टा वाटेल, पण घाम अंगावरून सुकतच नाही. बनियन ओलं ते ओलंच. रस्त्याकडेला घराघरांतून बायका-पोरं आली होती. कुणी संत्र्याच्या फोडी, कुणी मीठ, कुणी नुसतं "चला काका, झालंच आता." झालेलं काही नव्हतं. पेडर रोडचा चढ पस्तीस किलोमीटर संपल्यावर आला. राजूर घाटाची सवय असलेल्याने त्याला चढ म्हणू नये, पण तिथे माझ्या पिंडऱ्यांत गोळे आले आणि मी चालू लागलो. एका आजींनी गॅलरीतून उतरून येऊन हातावर मीठ ठेवलं, "चाट आणि पळ," म्हणाल्या. पाच तासांहून जास्त वेळ लागला. चौगुले माझ्या दोन तास आधी पोचले असते, तेही अर्धा किलोमीटर जास्त पळून.

आमच्यासारख्या मुलखातल्या बायकांनी पळण्यात काय केलंय तेही सांगितलं पाहिजे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर भारतीय महिलांत मुंबईत सलग तीन वर्षे पहिली आली आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. परभणीची ज्योती गवते 2017 मध्ये मुंबईत भारतीय महिलांत पहिली होती. आणि आमच्याच जिल्ह्याच्या मूळच्या लता भगवान करे. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात त्या साडी नेसून अनवाणी पळाल्या, कारण नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते. जिंकल्या. त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केलं आणि त्यासाठी 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. मला मात्र त्या गोष्टीचं कौतुक करताना अवघडल्यासारखं होतं. साठी ओलांडलेल्या बाईला दवाखान्याच्या बिलासाठी पळावं लागणं ही प्रेरणादायी कथा नव्हे, सरकारी आरोग्यसेवेवरचा शेरा आहे.

टपरीवरचा प्रश्न अजून येतो. मी आता सांगतो, भरती मुंबईची आहे, वयाची वरची अट नाही. दोन-तीन पोरं, भरतीतून बाद झालेली, पहाटे माझ्याबरोबर येऊ लागलीत आणि मला मागे टाकून जातात. तुम्हालाही यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: मुंबईची नोंदणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते, पूर्ण मॅरेथॉनला आधीच्या एखाद्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून पहिल्या वर्षी जवळपासची अर्ध मॅरेथॉन धरा. सराव बुलढाणा रस्त्यालाच करा, जाऊन-येऊन जवळपास पूर्ण मॅरेथॉनचं अंतर भरतं. फक्त सोयाबीनच्या दिवसांत, डांबरावर शेंगा पसरलेल्या असतात त्या बाजूने पळू नका. शिव्या खाव्या लागतात.