अवकाशयान मूक झाले की दुर्बिणीत दोष? संदेशाच्या गुणवत्तेचे निदान कसे होते

नवी दिल्ली : परग्रहावर उतरणाऱ्या यानाचा संदेश अचानक थांबला, तर त्याची दोन कारणे संभवतात. एक तर यानात बिघाड झालेला असतो किंवा संदेश टिपणाऱ्या पृथ्वीवरील यंत्रणेत. यांपैकी खरे कारण कोणते, याचे निदान काही मिनिटांत करावे लागते आणि त्यावर पुढील सर्व निर्णय अवलंबून असतात. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपपुढे (जीएमआरटी) १९ ऑक्टोबर २०१६ रोजी नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता.

खोडदची दुर्बीण आणि मंगळाचे यान

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातर्फे चालविल्या जाणाऱ्या जीएमआरटीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात, सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात आहेत. उर्वरित १६ तबकड्या इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारातील तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या आहेत. ज्येष्ठ रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली गेली. दीर्घिका आणि स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास हे तिचे मूळ काम आहे.

युरोपीय अवकाश संस्थेच्या एक्सोमार्स मोहिमेतील 'शियापारेली' हे उतरणयान त्या दिवशी मंगळाच्या वातावरणात शिरणार होते. ते सुमारे ४०१ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर संदेश पाठवीत होते. हा संदेश मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता. पृथ्वीपर्यंत तो थेट पोहोचवावा, अशी त्याची रचना नव्हती. मंगळ त्या वेळी सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर असल्याने संदेशाला पृथ्वीवर येण्यास जवळपास दहा मिनिटे लागत होती. ही कंप्रता जीएमआरटीच्या कक्षेत बसत असल्याने अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या सहकार्याने हा क्षीण संदेश थेट टिपण्याचा प्रयोग खोडद येथे करण्यात आला. १६ ऑक्टोबर रोजी शियापारेली मुख्य यानापासून विलग झाले, तेव्हाही जीएमआरटीने त्याचा संदेश टिपला होता.

संदेशात काय पाहतात?

इतक्या क्षीण संदेशातून छायाचित्रे वा मोजमापे वाचता येत नाहीत. हाती लागते ती केवळ वाहक लहर, आणि तिची कंप्रता बरेच काही सांगते. यानाचा वेग बदलला की डॉप्लर परिणामामुळे कंप्रता सरकते. ४०१ मेगाहर्ट्झवर दृष्टिरेषेतील वेगात सेकंदाला एक किलोमीटरचा फरक पडल्यास कंप्रता सुमारे १.३ किलोहर्ट्झने सरकते. वातावरणात शिरताना वेग घटणे, हवाई छत्री उघडताना बसणारा हिसका, या घटना कंप्रतेच्या आलेखावर उमटतात.

संदेश क्षीण झाल्यास कोणत्या तपासण्या?

पहिली तपासणी तबकड्यांच्या एकत्रित कामाची असते. अनेक तबकड्यांतील लहरी एकाच कलेत आणून मिळविल्या, तर गोंगाटाच्या तुलनेत संदेशाची शक्ती तबकड्यांच्या संख्येच्या पटीत वाढते. हा मेळ पूर्ण बिघडला, तर ३० तबकड्यांचा लाभ जेमतेम साडेपाच पटींवर येतो. ४०१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ७५ सेंटिमीटर असते. दोन तबकड्यांतील लहरींत त्याच्या निम्म्याचा, म्हणजे सुमारे ३७ सेंटिमीटरचा फरक पडला, तरी त्या एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून निरीक्षणापूर्वी दुर्बीण आकाशातील एखाद्या ज्ञात, स्थिर रेडिओ स्रोताकडे वळवून सर्व तबकड्यांचा मेळ घातला जातो. तो स्रोत नेहमीच्या तीव्रतेने दिसला, तर दुर्बीण निर्दोष मानता येते. तोही क्षीण दिसल्यास दोष पृथ्वीवरच शोधावा लागतो.

दुसरी तपासणी तुलनेची असते. संदेश एकाच तबकडीत घटला, तर दोष त्या तबकडीच्या ग्राहकात, तारेत किंवा दिशा साधणाऱ्या यंत्रणेत असतो. सर्व तबकड्यांत एकाच क्षणी घटला, तर सामाईक घड्याळ, मध्यवर्ती संगणन यंत्रणा किंवा प्रत्यक्ष यान यांच्याकडे पाहावे लागते. ध्रुवणाच्या दोन प्रवाहांपैकी एकच घटला, तर संशय आधी त्या प्रवाहाच्या इलेक्ट्रॉनिक मार्गावर जातो.

तिसरी तपासणी आयनांबराची. भारताच्या अक्षांशांवर सूर्यास्तानंतर वातावरणाच्या या थरात अनियमितता वाढू शकते. तेव्हा लहरींची कला डळमळते आणि संदेश लुकलुकल्यासारखा कमी-अधिक होतो. मात्र असा संदेश चढउतार दाखवितो; तो एकाएकी कायमचा नाहीसा होत नाही.

चौथी तपासणी पृथ्वीवरील व्यत्ययाची. वीजवाहिन्यांवरील ठिणग्या, दूरसंचार मनोरे आणि विद्युत उपकरणे यांचा गोंगाट संदेश झाकून टाकतो किंवा खोट्या संदेशाचा भास निर्माण करतो. तबकड्या दुसरीकडे वळविल्यावर यानाचा संदेश नाहीसा होतो. स्थानिक व्यत्यय मात्र बहुधा कायम राहतो. शिवाय यानाची कंप्रता पूर्वगणित डॉप्लर वक्रानुसार सरकते, जमिनीवरील स्रोताची तशी सरकत नाही.

त्या रात्रीचे उत्तर

१९ ऑक्टोबर रोजी भारतीय वेळेनुसार रात्री आठनंतर खोडद येथे शियापारेलीचा संदेश मिळत होता. अपेक्षित अवतरणापूर्वीच तो थांबला. दोष दुर्बिणीचा की यानाचा, याचा निर्णायक पुरावा स्वतंत्र नोंदींतून मिळाला. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स एक्स्प्रेस यानाने टिपलेला संदेशही अवतरणापूर्वीच खंडित झाला होता. ट्रेस गॅस ऑर्बिटरकडील सविस्तर नोंदींनीही तेच दाखविले. दुर्बीण निर्दोष होती.

पुढे चौकशीतून कारण स्पष्ट झाले. हवाई छत्री उघडल्यानंतर यानाचे परिभ्रमण मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेवर अडकले. त्या चुकीच्या आकड्यामुळे संगणकाने उंची ऋण ठरविली, म्हणजे यान जमिनीखाली असल्याचे गृहीत धरले. त्याने छत्री वेळेआधी सोडून दिली आणि वेग कमी करणारे इंजिन केवळ तीन सेकंद चालवून बंद केले. सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवरून यान मंगळावर आदळले.

शांततेचे मोल

अशा निदानाचे महत्त्व भारतानेही अनुभवले आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ च्या विक्रम या उतरणयानाशी संपर्क तुटला, तेव्हा नेदरलँड्समधील ड्विंगेलो येथील २५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेला डॉप्लर आलेख चर्चेचा विषय ठरला होता.

निदानाची ही सारी रीत एका अटीवर उभी आहे : दुर्बिणीचा परिसर रेडिओ लहरींच्या दृष्टीने शांत असला पाहिजे. काही वॅट शक्तीच्या प्रक्षेपकाचा कोट्यवधी किलोमीटरवरून आलेला संदेश जवळच्या एखाद्या ठिणगीपुढेही टिकत नाही. खोडदच्या आसपास दुर्बिणीच्या संरक्षणासाठी निर्बंध आहेत ते याचसाठी. पुणे-नाशिक प्रस्तावित रेल्वेमार्गाच्या मूळ आखणीमुळे जीएमआरटीच्या कामात बाधा येईल, या कारणावरून रेल्वे मंत्रालयाने मार्ग बदलण्याची भूमिका घेतली. स्थानिकांच्या दळणवळणाची गरज आणि दुर्बिणीची शांतता यांचा मेळ घालण्याचे हे काम यापुढेही करावे लागणार आहे. परिसरातील गोंगाट वाढत गेला, तर संदेश थांबल्यावर यान खरोखर मूक झाले की नाही, हे खात्रीने सांगणे खोडदला कठीण होईल.