घरांतील चित्रमुद्रण : एका पेटीचा इतिहास

अभ्यासाच्या मेजावर सहज मावेल एवढी एक पेटी आतां पुष्कळ घरांतून दिसूं लागली आहे. तिचें झांकण उघडून आंतल्या कांचेवर आजोबांचें पिंवळें पडलेलें छायाचित्र पालथें ठेवावें, कळ दाबावी, आणि थोड्याच वेळांत दुसऱ्या बाजूनें त्याची नवी प्रत हातीं यावी, याचें आतां कोणास नवल वाटत नाहीं. बारशाचा फोटो, मुलाच्या शाळेचा तक्ता, अर्जास जोडावयाची दाखल्याची नक्कल, हीं सर्व कामें ती एकटीच करते. बाजारांत तिला ‘ऑल-इन-वन’ प्रिंटर असें नांव आहे. छायाचित्रकार, नकलनवीस आणि छापखानेवाला अशा तिघांचे व्यवसाय तिच्या पोटांत एकत्र नांदतात. परंतु ते तेथें सहजासहजीं आलेले नाहींत. त्यांच्यामागें पावणेदोनशेंहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत दोन प्रश्न पुनःपुन्हां उभे राहतात : छायाचित्राची प्रत काढण्याची सत्ता कोणाच्या हातीं असावी, आणि काढलेली प्रत किती काळ टिकावी?

इ. स. १८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेर यानें आपली छायाचित्रणाची पद्धति जगापुढें मांडली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारें तें चित्र अत्यंत रेखीव असे. पण तें एकुलतें एक असे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. त्याच काळीं इंग्लंडांत टॅल्बट यानें कागदावर चित्र उमटविण्याचा मार्ग शोधला, आणि १८४१ मध्यें पेटंट घेतलेल्या आपल्या पद्धतीनें एका उलट्या चित्रावरून हव्या तितक्या सुलट्या प्रति काढून दाखविल्या. छायाचित्राचें मुद्रण या कल्पनेचा खरा उगम येथें आहे. १८४४ ते १८४६ या काळांत टॅल्बटनें खऱ्या छायाचित्रांच्या प्रति चिकटवून एक ग्रंथ भागाभागांनीं प्रसिद्ध केला. परंतु त्यांतील अनेक चित्रें पुढें फिकट होत गेलीं. ही तक्रार इतकी वाढली कीं, लंडनच्या छायाचित्रण-मंडळास १८५५ सालीं केवळ चित्रांचा रंग कां उडतो याचा शोध घेण्यासाठीं एक समिति नेमावी लागली. टिकाऊपणाचा प्रश्न हा असा या कलेच्या बाल्यापासूनच तिच्या पाठीशीं लागलेला आहे.

मुंबईही या बाबतींत मागें नव्हती. १८५४ सालींच तेथें छायाचित्रण-मंडळ स्थापन झालें, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्यांतील आरंभींच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकीं एक होते. त्या वेळचा छायाचित्रकार स्वतःच कागदास रसायन लावी, स्वतःच तो उन्हांत धरून प्रत काढी, आणि स्वतःच ती धुवून वाळवी. कष्ट फार, खर्च फार. पण आरंभापासून अखेरपर्यंत चित्र एकाच माणसाच्या हातांत राही.

ही स्थिति अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन यानें १८८८ सालीं पालटून टाकली. त्याच्या ‘कोडॅक’ कॅमेऱ्याची किंमत २५ डॉलर होती, आणि आंत १०० चित्रांची फीत भरलेली असे. ती संपली कीं कॅमेरा जसाच्या तसा रॉचेस्टरच्या कारखान्यास पाठवावयाचा. १० डॉलर घेऊन कारखाना चित्रें छापून देई आणि नवी फीत भरून कॅमेरा परत करी. सामान्य माणसास छायाचित्रण साध्य झालें तें या युक्तीनें, यांत संशय नाहीं. परंतु त्याबरोबर चित्र छापण्याचें काम बहुतेक घरांतून उठलें, तें कारखान्यांत आणि स्टुडिओंत जाऊन बसलें. लग्नाचे फोटो धुवून येण्याची वाट पाहणें हा त्यानंतर कैक पिढ्यांचा अनुभव झाला. ही प्रतीक्षा संपविण्याचा पहिला मोठा यत्न एडविन लँड या शास्त्रज्ञानें केला. काढलेला फोटो लगेच कां दिसत नाहीं, हा आपल्या लहान मुलीचा प्रश्न त्याच्या मनांत घोळत राहिला, आणि २१ फेब्रुवारी १९४७ रोजीं न्यूयॉर्क येथें त्यानें मिनिटभरांत तयार होणारें छायाचित्र विद्वानांच्या सभेपुढें काढून दाखविलें. मात्र त्याच्या ‘पोलरॉइड’ चित्रास दागेरच्या पत्र्याचाच दोष होता. जें निघे तें एकच निघे.

घरच्या पेटींतील रंगांची कथाही अशीच जुनी आहे. तीन मूळ रंगांतून सर्व रंगांचा भास निर्माण करतां येतो, हें मॅक्सवेल यानें १८६१ मध्यें प्रकाशाच्या साह्यानें सिद्ध केलें. तेंच तत्त्व शाईस लागूं करून त्रिरंगी छपाई निघाली. ही विद्या आणि तिचीं यंत्रें मिळविण्यासाठीं दादासाहेब फाळके १९०९ सालीं जर्मनीस गेले होते. चित्रपट काढण्यापूर्वीं ते मुद्रणाच्या व्यवसायांत होते, हें आज पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. ज्या विद्येसाठीं त्यांना समुद्र ओलांडावा लागला, तीच आज आस्मानी, किरमिजी, पिंवळी आणि काळी अशा चार शायांच्या रूपानें मेजावरच्या पेटींत येऊन राहिली आहे.

आतां ती शाई कागदावर पडते कशी, हें पाहण्यासारखें आहे. १९७७ सालीं जपानांत कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेंत इचिरो एंडो नांवाचे संशोधक काम करीत असतां, तापलेली डाख देण्याची सळई शाईनें भरलेल्या पिचकारीच्या सुईस लागली, आणि सुईच्या टोकांतून शाई उडाली. उष्णतेनें बुडबुडा होतो आणि तो शाईस बाहेर ढकलतो, हें इंगित त्यांनीं ओळखलें. पुढें थोड्याच काळांत अमेरिकेंतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत जॉन व्हॉट यांनीं स्वतंत्रपणें हेंच तत्त्व गांठलें. १९८४ सालीं त्या कंपनीनें या तत्त्वावरील ‘थिंकजेट’ हें यंत्र विकावयास काढलें. त्याच्या मुद्रणशीर्षास अवघीं १२ छिद्रें होतीं. जपानच्या एप्सन कंपनीनें निराळी वाट धरली. विजेचा दाब मिळतांच कांहीं स्फटिक किंचित् वांकतात. त्या हालचालीनें उष्णतेवांचून शाई ढकलावी, ही ती युक्ति. १९९४ सालीं निघालेल्या तिच्या रंगीत यंत्रानें एका इंचांत ७२० ठिपके देऊन घरगुती छपाईस प्रथमच फोटोचें रूप आणलें. पुढें चार शायांत फिकट आस्मानी आणि फिकट किरमिजी अशा दोन शायांची भर पडली, आणि गालावरची सावली ठिपक्याठिपक्यांची न दिसतां सलग दिसूं लागली. आजच्या चांगल्या यंत्रांतील लहानांत लहान थेंब एक-दोन पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा लक्ष-कोटीवा भाग होय.

पेटीच्या झांकणाखालचा स्कॅनर हा दुसऱ्या घराण्यांतील. १९५७ सालीं अमेरिकेंत रसेल कर्श यांनीं आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र यंत्राकडून वाचवून घेऊन संगणकांत उतरविलें. त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६ एवढेच बिंदू होते. तरी संगणकांत शिरलेलें तें पहिलें छायाचित्र. नकलेचा वंश याहून जुना आहे. चेस्टर कार्लसन यानें २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागांत कोरडी नक्कल प्रथम साधली, आणि १९५९ च्या ‘झेरॉक्स ९१४’ या यंत्रानें ती जगभर नेली. मराठींत ‘झेरॉक्स काढणें’ हा वाक्प्रचारच रूढ झाला, यावरून तिचा प्रसार ध्यानांत यावा. मुद्रण, नक्कल आणि फॅक्स हीं कामें एकत्र करणारी लोकांच्या आवाक्यांतील पहिली पेटी म्हणून १९९४ च्या ‘ऑफिसजेट’चा उल्लेख केला जातो. ईस्टमननें घराबाहेर नेलेलें काम अशा रीतीनें एका शतकानंतर घरीं परत आलें.

तें आलें खरें. पण त्याच्या गळ्यांत एक दोरी होती, आणि तिचें टोंक कारखानदाराच्या हातीं होतें. प्रिंटर अल्प किंमतीस विकावा आणि नफा शाईवर मिळवावा, हा या व्यापाराचा परिपाठ पडला. शाईच्या चिमुकल्या डब्या महाग झाल्या. दुसऱ्याची शाई चालूं नये म्हणून त्यांवर विजेच्या खुणा बसविण्यांत आल्या. या ओढाताणीचे खटले न्यायालयांत गेले, आणि एकदां विकलेल्या डबीवर विकणाऱ्याचा पेटंटचा हक्क उरत नाहीं, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें लेक्समार्क कंपनीच्या खटल्यांत २०१७ सालीं दिला. खुद्द कोडॅक कंपनीनें २००७ मध्यें स्वस्त शाईचे प्रिंटर काढून या परिपाठास आव्हान दिलें होतें. परंतु तोंवर तिच्या फितीचा धंदा बसत चालला होता. जानेवारी २०१२ मध्यें तिनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, आणि त्याच वर्षीं घरगुती प्रिंटरची विक्री थांबविण्याचें ठरविलें. घरांतून मुद्रण नेणाऱ्या कंपनीस तें घरीं परत पोंचविण्याचा धंदा कांहीं लाभला नाहीं.

दोरी सैल केली ती अनपेक्षित ठिकाणच्या लोकांनीं. इंडोनेशियासारख्या देशांतील लहान दुकानदार डब्यांस भोंकें पाडून, त्यांस नळ्या जोडून, बाहेर टांगलेल्या बाटल्यांतून शाई पुरवीत असत. अखेर एप्सन कंपनीनेंच तो धडा घेतला, आणि २०१० सालीं प्रथम इंडोनेशियांत बाटलीनें शाई भरावयाच्या टाकीचे प्रिंटर विकावयास आणले. भारतांत ते लौकरच आले, आणि इतर कंपन्यांनींही तोच मार्ग धरला. त्यांत यंत्र महाग आणि शाई स्वस्त, असा उलट हिशेब असतो.

टिकाऊपणाचा जुना प्रश्नही नव्या रूपानें पुढें आलाच. २००० सालच्या सुमारास लौकर वाळणाऱ्या नव्या सच्छिद्र कागदावर छापलेलीं कांहीं चित्रें थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडूं लागलीं. हवेंतील ओझोन वायु कागदाच्या छिद्रांत शिरून आस्मानी रंगाचा नाश करीत होता. अमेरिकेंतील हेन्री विल्हेल्म यांनीं रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावर १९९३ सालीं मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यांच्यासारख्यांच्या चाचण्यांकडे कंपन्यांना लक्ष देणें भाग पडलें. पाण्यांत विरघळलेल्या रंगाची शाई तेजस्वी दिसते, पण ऊन, हवा आणि ओल यांपुढें ती दुबळी ठरते. सूक्ष्म रंगकण तरंगत ठेवलेली शाई चकाकींत थोडी उणी, पण पुष्कळ अधिक टिकते. १८५५ च्या समितीपुढचा प्रश्न दीडशें वर्षांनीं घराघरांतील मेजावर असा पुन्हां मांडला गेला.

या इतिहासावरून पेटी निवडण्याचे नियम आपोआप निघतात. पहिला हिशेब यंत्राच्या किंमतीचा नव्हे, शाईचा करावा. एका डबीवर किंवा बाटलीवर किती पानें निघतील, तो आंकडा कंपनी सांगते. किंमतीस त्यानें भागलें म्हणजे एका पानाचा खर्च कळतो. मात्र तो आंकडा साध्या पानांचा आहे कीं पानभर चित्रांचा, तें नीट पाहावें. रोजची छपाई असणाऱ्या घरास टाकीचें यंत्र परवडतें. वर्षाकांठीं दहा-वीस फोटोच छापणाऱ्यानें ते कोपऱ्यावरच्या स्टुडिओंतून आणावे, हेंच शहाणपण. भिंतीवर लावावयाच्या चित्रासाठीं रंगकणांची शाई पाहावी. पुष्कळ यंत्रांत काळी शाई तेवढी रंगकणांची आणि रंगीत शाई विरघळलेल्या रंगाची असते, हें विकत घेतांना विचारून घ्यावें.

वापरण्यांतील गोष्टी थोड्या आहेत, पण मोलाच्या आहेत. चार इंच रुंद आणि सहा इंच उंच फोटोस इंचामागें ३०० बिंदू धरले तर १२०० गुणिले १८०० बिंदू पुरतात. दोन इंचांनीं तीन इंचांचें जुनें चित्र दुप्पट मोठें करावयाचें असेल, तर तें इंचास ६०० बिंदूंनीं स्कॅन करावें, म्हणजे हिशेब बरोबर जुळतो. यंत्र पडून राहिलें कीं छिद्रांत शाई सुकते. तीं साफ करण्यांत शाई वायां जाते, आणि ती वायां गेलेली शाई आंतील शोषक गादींत सांचत राहते. यासाठीं आठवड्यांतून एखादें रंगीत पान छापावें. यंत्र भिंतीवरच्या बटणानें बंद न करतां त्याच्याच कळीनें बंद करावें, म्हणजे शाईचीं तोंडें झांकलीं जातात. फोटोचा कागद पावसाळ्यांत बंद पाकिटांत ठेवावा, आणि छापलेलें चित्र पुरतें वाळल्यावांचून कांचेखालीं घालूं नये.

आज खिशांतल्या दूरध्वनींत हजारों चित्रें असतात. त्यांपैकीं बहुतेक पुन्हां कधीं कोणी उघडून पाहत नाहीं, आणि तें यंत्र एक दिवस बिघडलें म्हणजे, दुसरीकडे नक्कल ठेवलेली नसेल तर, तीं सर्व एकदम नाहींशीं होतात. छापावयाचें म्हटलें कीं कागद लागतो, शाई लागते, म्हणून निवड करावी लागते. हजारांतून दहा चित्रें निवडणारी आई त्या दहांच्या मागें नांवें आणि तारखा लिहून ठेवते, तेव्हां तिच्या नातवंडांना चेहरे ओळखतां येतात. टॅल्बटनें उन्हांत धरलेल्या कागदापासून या पेटीपर्यंतची सारी खटपट त्या ओळखीसाठींच होती.